बार्बाडोसला हिवाळी मुक्काम: तिकिटापासून तुरीच्या दाण्यांपर्यंत

मुलांकडे टोरंटोला किंवा न्यू जर्सीला गेलेल्या आईवडिलांचा जानेवारी कसा जातो, हे ज्यांनी काढलाय त्यांना ठाऊक आहे. पाच-साडेपाचला अंधार, बाहेर पडायचं तर अर्धा तास कपडे चढवण्यात जातो, आणि दिवसभर खिडकीशी बसून बर्फ बघायचा. लेकीच्या घरी असताना आम्ही दोघांनी यातून सुटका म्हणून वेस्ट इंडिजमधलं बार्बाडोस बेट गाठलं, आणि आता ओळखीपाळखीतलं कोणी ना कोणी त्याबद्दल विचारतंच. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

आधीच सांगते, हा लेख सात दिवसांत पाच बेटं 'करणाऱ्यां'साठी नाही. एका जागी महिना-दोन महिने राहायचं, स्वतः चहा करायचा, समुद्रात डुंबायचं आणि दुपारी झोपायचं, असा ज्यांचा बेत आहे त्यांच्यासाठी आहे. बार्बाडोसच का? इंग्रजी चालतं, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून धावतात, नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं, आणि भारतीय पासपोर्टवर ९० दिवसांपर्यंत राहायला व्हिसा लागत नाही. बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद. हरवलात तरी थोड्या वेळात कुठल्या ना कुठल्या किनाऱ्याला लागाल.

१. महिने ठरवा

डिसेंबर ते मे हा तिथला कोरडा काळ. तापमान साधारण २३ ते ३० अंश. अक्षांश चेन्नईचाच, पण अटलांटिकवरून सतत वारा येतो म्हणून चिकचिक नाही. आपल्याकडच्या डिसेंबरातल्या गोव्याची हवा डोळ्यांसमोर आणा.

१ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. २०२४ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून रोहित शर्माचा संघ बार्बाडोसमध्येच अडकून पडला होता, ते आठवत असेल. ते बेरिल वादळ. त्यात तिथल्या कोळ्यांच्या कितीतरी होड्या फुटल्या. स्वस्त मिळतंय म्हणून सप्टेंबरचं तिकीट काढायचा मोह झाला, तर हे लक्षात असू द्या.

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत घरभाडी चढी असतात. नाताळ आणि नवीन वर्षाचे दोन आठवडे तर त्यातही महाग. माझ्या मते जानेवारीचा पहिला आठवडा उलटल्यावर जावं आणि मार्चच्या मध्यापर्यंत राहावं. वसंत ऋतूपासून पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याला सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ लागायला सुरुवात होऊ शकते. कुजलं की त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. त्याच्या आत निघालेलं बरं.

२. व्हिसा: बेटाचा नाही, वाटेचा

लोक हमखास फसतात ते इथे. बार्बाडोसला व्हिसा नको हे खरं, पण भारतातून तिथे थेट विमान नाही. वाट जाते लंडन, टोरंटो, न्यूयॉर्क किंवा मायामीवरून. आणि तिथून नुसतं विमान बदलायचं तरी कागद लागतात.

अमेरिकेत 'फक्त ट्रान्झिट' असा प्रकारच नाही. विमानतळावर उतरलात की इमिग्रेशन आलंच, म्हणजे चालू व्हिसा हवा. कॅनडातही व्हिसा किंवा ट्रान्झिट व्हिसा लागतो. लंडनला भारतीयांना विमानतळाच्या आतल्या आत बदल करायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका-कॅनडासारख्या काही देशांचा चालू व्हिसा असला तर सवलत आहे, पण ती अटींसह आहे. तिकीट काढण्यापूर्वी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर आपला प्रवास टाकून उत्तर बघून घ्या. आणखी एक: लंडनला हीथ्रोवर उतरून गॅटविकहून पुढचं विमान असेल तर तुम्ही विमानतळाबाहेर पडणार, मग नियमच बदलतात. स्वस्त तिकिटांमध्ये हे बारीक अक्षरात दडलेलं असतं.

म्हणून सगळ्यात सुटसुटीत मार्ग आमच्यासारख्यांचा. मुलांकडे आधीच गेलेले असाल, हातात बहुप्रवेश व्हिसा असेल, तर टोरंटोहून किंवा न्यूयॉर्कहून सरळ पाच-सहा तासांत बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाऊन. मात्र परतताना तिकडच्या देशात पुन्हा प्रवेश मागायचा आहे हे विसरू नका. व्हिसावर 'एकच प्रवेश' असं असेल तर बाहेर पडलात की संपलं. अमेरिकेतून जाणाऱ्यांनी, कॅरिबियनमध्ये महिना काढून आलो की नव्याने सहा महिने मिळतील, असं गृहीत धरू नये. किती दिवस द्यायचे ते अधिकारी ठरवतो.

मुंबईहून निघणार असाल तर काउंटरवरच्या मुलाला बार्बाडोसचा नियम तोंडपाठ असेल अशी आशा नको. "मॅडम, व्हिसा?" हा प्रश्न येणारच. आवाज न चढवता त्याला 'टिमॅटिक' बघायला सांगा. विमान कंपन्या याच प्रणालीत प्रवेशाचे नियम तपासतात. शिवाय बार्बाडोसच्या अधिकृत पानाची छापील प्रत पिशवीत वरच ठेवा.

९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं आणि तिथून भारतातल्या किंवा अमेरिकेतल्या कंपनीचं काम करायचं असेल, तर 'वेलकम स्टॅम्प' नावाची एक वर्षाची परवानगी आहे. २०२० साली सुरू झाली. वर्षाला ५०,००० अमेरिकी डॉलर उत्पन्नाची अट आणि एकट्यासाठी २,००० डॉलर शुल्क. हे आयटीतल्या मंडळींसाठी. आपल्याला नको.

३. कागदांची फाईल

मोबाईलमध्ये सगळं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. रांगेत उभं असताना नेमकं वायफाय जातं.

- पासपोर्ट, परतीनंतरही सहा महिने चालणारा
- परतीचं तिकीट. ते नसेल तर विमानातही चढू देणार नाहीत
- राहण्याच्या जागेचा पूर्ण पत्ता आणि घरमालकाचा फोन
- वाटेतल्या देशाचा व्हिसा
- बँकेचं अलीकडचं विवरण, पैसे आहेत हे दाखवायला
- प्रवास विमा
- डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची मूळ नावं लिहिलेली. तुमची नेहमीची गोळी त्याच नावाने तिथे मिळणार नाही
- गाडी चालवणार असाल तर भारतातला चालू परवाना
- पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड, ज्यांना लागू आहे त्यांना. ते कोणाला, हे शेवटच्या मुद्द्यात

बार्बाडोसचा प्रवेश-अर्ज आणि कस्टमचा अर्ज ऑनलाईन भरायचा असतो आणि तो फुकट आहे. शोधताना वर येणारी काही संकेतस्थळं याच अर्जाचे पैसे उकळतात. पत्ता सरकारी आहे ना, हे बघूनच पुढे जा.

विम्याची गोम अशी. भारतीय कंपन्या 'अमेरिका-कॅनडा वगळून' आणि 'धरून' अशा दोन तऱ्हा विकतात. वगळलेली स्वस्त असते आणि बार्बाडोस त्यात बसतोही, पण वाटेत मायामीला पाय मुरगळला तर? शिवाय एका प्रवासात जास्तीत जास्त किती दिवस, आणि मधुमेह-रक्तदाबासारखे आधीचे आजार धरलेत का, हे लेखी विचारा. एजंटच्या "हो हो, सगळं कव्हर आहे" वर जाऊ नका.

४. घर कुठे घ्यायचं

बेटाच्या तीन बाजू म्हणजे तीन स्वभाव.

पश्चिम किनारा, म्हणजे होलटाऊन, पेन्स बे, स्पाइट्सटाऊनची बाजू. समुद्र तळ्यासारखा शांत, पण श्रीमंतांचा किनारा. तिथे 'प्लॅटिनम कोस्ट' म्हणतात ते उगाच नाही.

पूर्व किनारा, बाथशीबा. दिसायला सगळ्यात देखणा, मोठमोठे खडक, उसळत्या लाटा. फोटो काढायला जा, पोहायला उतरू नका. राहायला एकांत आहे, पण दूध संपलं तर पंचाईत.

दक्षिण किनारा, हेस्टिंग्ज, वर्दिंग, मॅक्सवेल, ऑइस्टिन्स. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी डोळे मिटून इथे घर बघावं. बस दारात, सुपरमार्केट चालत्या अंतरावर, भाडी त्यातल्या त्यात आवाक्यात. हेस्टिंग्जपासून रॉकलीच्या अ‍ॅक्रा बीचपर्यंत समुद्राला लागून फळ्यांचा छान रस्ता बांधला आहे. सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्यांची सोय. फक्त सेंट लॉरेन्स गॅप नावाच्या हॉटेल-बारच्या रस्त्याच्या अगदी मधोमध घेऊ नका. रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात.

घर महिन्याच्या हिशेबाने मागा, रात्रीच्या नव्हे. बऱ्याच मालकांचा महिन्याचा दर वेगळा असतो, पण तो विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आणि हे प्रश्न विचारून घ्या:

वीजबिल भाड्यात आहे की वेगळं? वीज महाग आहे आणि लांबच्या मुक्कामाला काही जण मीटर लावतात. रात्रभर एसी चालवलात की कळेल. वारा खेळतं घर असेल तर पंख्यावर भागतं, म्हणून खिडक्या कोणत्या बाजूला उघडतात तेही विचारा. वारा पूर्वेकडून येतो. खिडक्यांना जाळ्या आहेत का? डास आहेत, डेंग्यूही आहे. स्वयंपाकघरात गॅस आहे का, आणि पातेली किती मोठी? 'पूर्ण सुसज्ज स्वयंपाकघर' म्हणजे कधीकधी एक तवा आणि दोन काटे. गरम पाण्याची मात्र काळजी नको. सौर बंब तिथे १९७० च्या दशकापासून घरोघरी आहेत.

आगाऊ पैसे अनोळखी माणसाच्या खात्यात थेट पाठवू नका. भाड्याची नावाजलेली संकेतस्थळं कमिशन घेतात, पण घर निघालंच नाही तर भांडायला समोर कोणीतरी असतं. पहिले पंधरा दिवस संकेतस्थळावरून घ्यायचे आणि पुढचा मुक्काम तिथे जाऊन, डोळ्यांनी बघून ठरवायचा, हा मार्ग मला सगळ्यात पटतो. अर्थात जानेवारी-फेब्रुवारीत मोकळी घरं कमी असतात, एवढा धोका त्यात आहे.

५. पैसा

दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर. हा दर १९७५ पासून बांधलेला आहे, त्यामुळे रोज भाव बघायची कटकट नाही. अमेरिकी नोटा दुकानांत सहज चालतात, सुट्टे मात्र स्थानिक मिळतात.

आता सापळा. टॅक्सीवाला किंवा किनाऱ्यावरचा खुर्चीवाला नुसतं "ट्वेंटी" म्हणतो. कुठले वीस? बसण्याआधी विचारा: "बेजन ऑर यूएस?" बेजन म्हणजे बार्बाडोसचं स्थानिक. एवढ्या एका प्रश्नाने निम्मे पैसे वाचतात, आणि समोरच्यालाही कळतं की पाहुणा अगदीच नवखा नाही. टॅक्सीला मीटर नसतो, तेव्हा भाडं आधी ठरवायचं.

उपाहारगृहाच्या बिलात १७.५ टक्के व्हॅट असतो आणि बऱ्याच ठिकाणी १० टक्क्यांच्या आसपास सेवाशुल्कही लावलेलं असतं. बिल वाचल्याशिवाय वर टिप ठेवू नका.

भारतातून जाताना रोख परकीय चलन एका प्रवासात ३,००० अमेरिकी डॉलरपर्यंतच नेता येतं. बाकीचं कार्डवर. फॉरेक्स कार्ड अमेरिकी डॉलरचं घ्या. एकाच बँकेची दोन कार्डं नेण्यापेक्षा दोन बँकांची एकेक न्या. रुपये तिथे कोणी बदलून देत नाही.

६. पेटीत काय, पेटीबाहेर काय

वीज ११५ व्होल्ट, प्लग अमेरिकी चपट्या दोन पायांचा. मोबाईल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, पण भारतातला मिक्सर, इंडक्शन शेगडी किंवा केटल तिथे निरुपयोगी. टोरंटो-न्यू जर्सीहून जात असाल तर तिकडची छोटी उपकरणं बहुधा चालतात.

कुकर न्या. तीन लिटरचा छोटा, आत डब्या ठेवून, भोवती टॉवेल गुंडाळून. गोडा मसाला, हळद, हिंग, मोहरी पाकीटबंद न्या आणि कस्टमच्या अर्जात खायचे पदार्थ आहेत असं सरळ लिहा. ताजा कढीपत्ता, फळं, रोपं, बियाणं अजिबात नाही.

आणि लष्करी छापाचे कपडे नको. टोपी, बर्म्युडा, पिशवी, लहान मुलाचा शर्ट, काहीच नाही. त्या हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे सामान्य माणसाने घालणं बार्बाडोसमध्ये गुन्हा आहे, जप्त होतात. आपल्याकडे हा छाप फुटपाथवर ढिगाने मिळतो, त्यामुळे आपल्या पेट्यांतच तो हमखास निघतो.

७. पहिले तीन-चार दिवस

सिमकार्ड 'फ्लो' किंवा 'डिजिसेल'चं, पासपोर्ट दाखवून. भारत साडेनऊ तास पुढे आहे. तिथे सकाळचे सात म्हणजे पुण्यात दुपारचे साडेचार. नातेवाइकांना फोन सकाळीच उरकून घ्या.

दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात शिरलात की आधी "गुड मॉर्निंग" किंवा "गुड आफ्टरनून", मग काम. हे न करता थेट "हे कितीला?" विचारलंत तर उत्तर मिळतं, पण थंड. आपल्याला घाईत विचारायची सवय असते. ती मुंबईलाच ठेवून या. पोहायच्या कपड्यांत बाजारात फिरणंही तिथे असभ्य मानतात.

बस शिका. तीन प्रकार आहेत: सरकारी निळ्या बस, खासगी पिवळ्या मिनीबस आणि 'झेड-आर' पाटीच्या पांढऱ्या व्हॅन. भाडं सगळीकडे एकच, ३.५० बार्बाडोस डॉलर, अंतर कितीही असो. सरकारी बसमध्ये सुट्टे परत मिळत नाहीत, म्हणून नाणी जमवून ठेवा. थांब्याच्या गोल पाटीवर 'टू सिटी' किंवा 'आऊट ऑफ सिटी' एवढंच लिहिलेलं असतं. सिटी म्हणजे ब्रिजटाऊन. हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही. झेड-आरमध्ये चारच्या जागी पाच बसतात, गाणं छातीत वाजतं आणि वळणावर देव आठवतो. एकदा अनुभव घ्या. गुडघे दुखत असतील तर निळी बस बरी.

गाडी रोज लागत नाही. आठवड्यातून एखादा दिवस भाड्याने घेतली तर सगळं बेट बघून होतं. पाहुण्यांसाठीचा तात्पुरता परवाना गाडीवालाच भारतीय परवाना बघून करून देतो. भाड्याच्या गाडीच्या पाटीवर 'एच' असतं, त्यामुळे स्थानिक चालक तुम्हाला जरा सांभाळून घेतात. चौकाचौकात गोल वळसे आहेत. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि तिथे ते खरंच पाळतात.

८. बाजार आणि चूल

बेटावर बरंचसं बाहेरून येतं, म्हणून किराणा महाग. सफरचंदं, चीज, दही यांचे भाव बघून पहिल्या दिवशी धक्का बसतो. दोन महिने निभवायचे तर पर्यटकांसारखं न खाता तिथल्या लोकांसारखं खावं लागतं, आणि इथे मराठी माणूस नशीबवान आहे.

शनिवारी सकाळी ब्रिजटाऊनच्या चीपसाइड बाजारात जा. टोपल्यांशी बसलेल्या बायकांपुढे हिरव्या दाण्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या दिसतील. 'पीजन पीज' म्हणतात. हातात घेऊन बघा: ओल्या तुरीचे दाणे! हिवाळ्यात त्यांचा हंगाम असतो, आपल्यासारखाच. मी घरी आणून लसूण-मिरची लावून तुरीच्या दाण्यांची आमटी केली तेव्हा माझा नवरा दोन वाट्या प्यायला. तिथे नाताळात 'जग-जग' नावाचा पदार्थ करतात, त्यात हे दाणे आणि 'गिनी कॉर्न'चं पीठ, म्हणजे चक्क ज्वारी, शिवाय खारवलेलं मांस असतं. ज्वारी आणि तूर दोन्ही तिथे आफ्रिकेच्या वाटेने पोहोचली.

'ब्रेडफ्रूट' म्हणजे आपला नीरफणस. मालवण-गोव्याच्या मंडळींनी काप करून तव्यावर रव्यात परतावेत. 'क्रिस्टोफीन' नावाची फिकट हिरवी, दुधीच्या चवीची भाजी मिळते. हरभऱ्याची डाळ घालून उत्तम. भेंडी आहे, रताळी आहेत, लाल भोपळा आहे. मसूर, छोले, वाटाण्याची डाळ सुपरमार्केटात. कणीक शोधावी लागते, मैदा सगळीकडे. तिथली पिवळी मिरचीची चटणी मोहरी आणि हळद घालून केलेली असते आणि जपून घ्या, कारण ती मिरची आपल्या लवंगीला हरवते.

बाहेर खायचं तर शाकाहाऱ्यांसाठी 'शेफेट' या स्थानिक साखळीत बटाटा-चण्याची रोटी मिळते. ही त्रिनिदादमार्गे आलेली, भारतीय मजुरांच्या वंशजांची रोटी. रास्ताफारी पंथाच्या लोकांचं 'आयटल' जेवण बहुतेक शाकाहारीच. मात्र 'राइस अँड पीज'मध्ये खारवलेल्या मांसाचा तुकडा असू शकतो, विचारा.

मासे खाणाऱ्यांनी शुक्रवारची संध्याकाळ ऑइस्टिन्सच्या कोळीबंदरावर काढावी. निखाऱ्यावरचा मार्लिन, ट्यूना, उडते मासे, सोबत 'मॅकरोनी पाय', म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी. सातनंतर रांगा लागतात, साडेपाचला पोहोचा. फळ्यावर 'डॉल्फिन' लिहिलेलं दिसलं तर दचकू नका. तो माही-माही मासा, आपला समुद्रातला दोस्त नव्हे.

९. समुद्र

बेटावरचे सगळे किनारे सार्वजनिक आहेत. मोठ्या हॉटेलसमोरची वाळूसुद्धा. पैसे फक्त खुर्ची-छत्रीचे.

शांत पाण्यासाठी ब्रिजटाऊनजवळचा कार्लाइल बे किंवा ऑइस्टिन्सशेजारचा मायामी बीच. सकाळी सहा-साडेसहाला जा. तिथले सेवानिवृत्त लोक त्या वेळी 'सी बाथ'ला येतात. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहायचं, टोपी डोक्यावर तशीच, आणि राजकारण, क्रिकेट, कोणाची गुडघ्याची शस्त्रक्रिया, सगळ्या गप्पा पाण्यातच. एक आजी रोज मला वाकून पाणी हातावर घेत, "टुडे इट सॉफ्ट" की नाही ते सांगायच्या. आठ वाजता सगळे बाहेर, अंग पुसून घरी. पोहता न येणाऱ्यांनीही या घोळक्याच्या कडेला उभं राहावं. कुठे पाय पुरतो आणि कुठे ओढ आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

लाल झेंडा असेल तर उतरू नका. पूर्वेकडे तर झेंडा नसला तरी नको. वाऱ्यामुळे ऊन लागत नाही असं वाटतं आणि संध्याकाळी खांदे सोलवटतात. सावळ्या कातडीलाही मलम लागतं.

आता हे नीट वाचा. किनाऱ्यावर 'मँचनील' नावाचं झाड असतं, हिरवीगार चकचकीत पानं, लहान सफरचंदासारखी हिरवी फळं. ते विषारी आहे. फळ चाखायचं नाही, पानं तोडायची नाहीत, आणि पावसात त्याखाली थांबायचं नाही, कारण पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही अंगावर फोड येतात. पुष्कळ झाडांच्या बुंध्याला लाल पट्टा किंवा पाटी असते, पण सगळ्यांना नसते. नातवंडं सोबत असतील तर पहिल्याच दिवशी झाड दाखवून ठेवा.

१०. दिवस जायला

क्रिकेट माहीत असेल तर ओळखी आपोआप होतात. केन्सिंग्टन ओव्हलवर जाऊन या. बाहेर सर गारफील्ड सोबर्सचा पुतळा आहे. १९७१ मध्ये याच मैदानावर आपल्या गोव्याच्या दिलीप सरदेसाईंनी १५० आणि सुनील गावसकरांनी नाबाद ११७ केल्या होत्या, आणि २९ जून २०२४ ला सूर्यकुमार यादवने सीमारेषेवरचा तो झेल घेतला. म्हाताऱ्या टॅक्सीवाल्यांपुढे गावसकरांचं नाव काढा, भाडं कमी होत नाही पण रस्ता लवकर सरतो.

गॅरिसन भागात जॉर्ज वॉशिंग्टन हाउस आहे. क्षयाने आजारी भावाला उबदार हवा मिळावी म्हणून १७५१ च्या हिवाळ्यात तरुण वॉशिंग्टन इथे येऊन राहिला. अमेरिकेबाहेरचा त्याचा तो एकमेव प्रवास, आणि त्यात त्याला देवी आल्या. ब्रिजटाऊन आणि गॅरिसन २०११ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. फेब्रुवारीत होलटाऊनचा उत्सव असतो. नाताळच्या सकाळी तिथे असाल तर पहाटे क्वीन्स पार्कात जा. लोक ठेवणीतले कपडे घालून बँड ऐकायला येतात.

११. दुखलं-खुपलं तर

पोलीस २११, अग्निशमन ३११, रुग्णवाहिका ५११. आल्या दिवशी फ्रिजवर लिहून चिकटवा. मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे ब्रिजटाऊनचं क्वीन एलिझाबेथ. खासगी दवाखाने आहेत, पण आधी पैसे मागतात. विम्याचा चोवीस तासांचा क्रमांक हाताशी ठेवा आणि दाखल होण्याआधी त्यांना कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी नाटकं होतात. संध्याकाळी डासांचं मलम लावा. रात्री किनाऱ्यावर एकट्याने फिरू नका आणि समुद्रात जाताना पासपोर्ट-दागिने वाळूवर सोडू नका.

१२. निघताना

आलाच आहात तर त्रिनिदाद किंवा गयाना बघून यावं असं वाटतं. जरूर जा, पण त्रिनिदाद बेट आणि गयाना दोन्ही भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचं कार्ड नसेल, तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस भारतात सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, कार्ड दहा दिवसांनी ग्राह्य धरलं जातं, आणि साठीच्या पुढच्यांनी ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. नुसतं बार्बाडोस करून परतणाऱ्यांना हा प्रश्न नाही.

स्थानिक नोटा संपवून टाका, बेटाबाहेर त्यांना कोणी विचारत नाही. उरलेला किराणा घरमालकिणीला किंवा शेजारी द्या, आनंदाने घेतात.

रम न्यायचीच असेल तर १७०३ सालच्या दस्तापासून आपला इतिहास सांगणारी माउंट गे आहे. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत नेता येते. पण वाटेत अमेरिका-कॅनडात सामान घेऊन पुन्हा तपासणी होत असेल, तर बाटल्या हातातल्या पिशवीत न ठेवता पेटीत, कुकरमध्ये टॉवेल कोंबून ठेवा. तीन लिटरच्या कुकरात छोटी बाटली आडवी बसते. मोठीला कपड्यांच्या मधोमध जागा करा.